शेवटच्या काळाची भाकिते कशी वाचावीत? बारा धड्यांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

दानीएलाचे पुस्तक, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय, थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रे आणि प्रकटीकरण एवढ्या शास्त्रभागांवर बेतलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. बारा धडे, प्रत्येक धडा साधारण पाऊण तासाचा, त्याला जोडून एक प्रश्नपत्रिका आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांबरोबर तासभराची थेट चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. शिकवणारे दोघे जण आहेत. एक जुन्या कराराचे अभ्यासक आहेत आणि दुसऱ्यांनी बरीच वर्षे पाळक म्हणून सेवा केली आहे. अभ्यासक्रम चांगला आहे आणि तो करावा असे मी इतरांना सांगतो आहे, हे आरंभीच नोंदवतो. मात्र तो कशामुळे चांगला आहे आणि कुठे कमी पडतो, हे नीट मांडल्याशिवाय नुसती शिफारस करणे मला योग्य वाटत नाही, कारण हा विषय चुकीच्या रीतीने शिकवला गेला की माणसांच्या विश्वासाचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या लहानपणी आमच्या मंडळीच्या प्रार्थनागृहात डाव्या भिंतीवर एक मोठा तक्ता टांगलेला असे. आदामापासून नव्या यरुशलेमेपर्यंतचा सगळा काळ त्यावर एका आडव्या रेषेत दाखवलेला होता आणि त्या रेषेच्या उजव्या टोकाजवळ, प्रभूच्या पुन्हा येण्याचे वर्ष म्हणून, लाल शाईने १९८८ हा आकडा लिहिलेला होता. हिशेब सरळ होता: मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातल्या दृष्टान्तातले अंजिराचे झाड म्हणजे इस्राएल, ते राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाले, पिढी म्हणजे चाळीस वर्षे, आणि हे सर्व घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही असे प्रभूने म्हटलेलेच आहे. ते वर्ष सरले, तेव्हा कोणीतरी त्या आकड्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून नवा आकडा लिहिला. काही महिन्यांनी पट्टीचा एक कोपरा सुटला आणि उपदेश चालू असताना त्या कोपऱ्याखालचा जुना लाल आठ मला माझ्या जागेवरून दिसत राही. माझ्या थोरल्या भावाने त्या तक्त्यावर भरवसा ठेवून शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली नाही. प्रभूवरचा त्याचा विश्वास टिकला, पण प्रकटीकरणाचे पुस्तक त्याने त्यानंतर उघडले नाही. पुढे तो तक्ता एके दिवशी भिंतीवरून नाहीसा झाला आणि त्याविषयी कोणी कधी चकार शब्द काढला नाही.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की, या अभ्यासक्रमाची खरी कसोटी माझ्या दृष्टीने एकच होती: तो मला नवा तक्ता देतो, की शास्त्र वाचायला शिकवतो? पहिल्याच धड्यात याचे उत्तर मिळाले. तिथे प्रकटीकरण उघडलेच जात नाही. योनाचे पुस्तक उघडले जाते. चाळीस दिवसांनी निनवे उद्ध्वस्त होईल, असे योनाने जाहीर केले. त्या घोषणेत 'जर' किंवा 'परंतु' असा एकही शब्द नव्हता. तरीही निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि चाळीस दिवस उलटल्यावर नगर जागच्या जागी उभे होते. मग योना खोटा संदेष्टा ठरतो काय? शिक्षकांनी इथे यिर्मयाचा अठरावा अध्याय जोडून दाखवला, ज्यात देव स्वतः सांगतो की, एखाद्या राष्ट्राविषयी मी नाशाची वाणी उच्चारली आणि ते राष्ट्र वळले, तर मीही आपला बेत फिरवीन. त्याचबरोबर अनुवादाच्या अठराव्या अध्यायातली कसोटीही त्यांनी झाकून ठेवली नाही: जे बोललेले घडून येत नाही, ते परमेश्वराचे वचन नव्हे. या दोन वचनांमधला ताण धड्यात तसाच ठेवलेला आहे आणि तो आपणच विचार करून सोडवावा अशी अपेक्षा आहे. संदेष्ट्याची वाणी ऐकणाऱ्याला वळवण्यासाठी असते, उद्याचे वृत्तपत्र आज वाचायला मिळावे म्हणून ती दिलेली नसते, ही गोष्ट पहिल्या तासातच मनावर ठसते.

तिसरा आणि चौथा धडा माझ्या मते या अभ्यासक्रमाचे हृदय आहे. सूर्य काळवंडेल, चंद्र प्रकाश देणार नाही, तारे आकाशातून पडतील, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातले शब्द आपण इतक्या वेळा ऐकलेले असतात की, ते प्रभूच्या मुखातून प्रथमच निघाले अशी आपली समजूत होऊन बसते. पण हीच भाषा यशयाच्या तेराव्या अध्यायात आहे आणि तिथे ती बाबेलच्या पतनाविषयी आहे, कारण त्याच अध्यायात पुढे मेदी लोकांचे नाव घेतलेले आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडले, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. यहेज्केलाच्या बत्तिसाव्या अध्यायात मिसरच्या राजाविषयीही हेच शब्द येतात. याचा अर्थ ते शब्द पोकळ होते असा होत नाही. एखादे साम्राज्य कोसळते तेव्हा त्यात राहणाऱ्यांच्या डोक्यावरचे आकाशच कोसळते, आणि संदेष्टे ते त्याच भाषेत सांगतात. यानंतर शिक्षक प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय घेतात. पन्नासाव्या दिवशी पेत्र योएलाचे वचन म्हणून दाखवतो, ज्यात चंद्र रक्तवर्ण होण्याचा उल्लेख आहे, आणि म्हणतो की, योएलाने सांगितलेले ते हेच आहे. म्हणजे पेत्राच्या लेखी शेवटले दिवस त्या सकाळी सुरू झालेले होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीही देव या शेवटल्या दिवसांत पुत्राच्या द्वारे आपल्याशी बोलला, असेच म्हटले आहे. आपण शेवटच्या काळात आहोत काय, असा प्रश्न विचारणाऱ्याला या धड्याचे उत्तर असे आहे की, मंडळी जन्मल्यापासून ती त्याच काळात आहे.

अंजिराच्या झाडाचा भाग ऐकताना मी ध्वनिमुद्रण थांबवले आणि शास्त्र काढून स्वतः पडताळून पाहिले. मत्तय आणि मार्क फक्त अंजिराच्या झाडाचा उल्लेख करतात. लूकाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र प्रभू म्हणतो, अंजिराचे झाड व इतर सर्व झाडे पाहा. अंजीर म्हणजे इस्राएल असेल, तर इतर सर्व झाडे म्हणजे कोण? दृष्टान्त साधा आहे: पालवी फुटली की उन्हाळा जवळ आल्याचे जसे कळते, तसे ही चिन्हे दिसली की ओळखा. आमच्या भिंतीवरचा सगळा हिशेब ज्या खुंटीवर टांगलेला होता, ती खुंटी लूकाच्या तीन शब्दांनी निखळते, आणि हे तीन शब्द प्रार्थनागृहातल्या प्रत्येक माणसाच्या हातातल्या शास्त्रात तेव्हाही छापलेले होते.

वाचनाच्या चार मुख्य परंपरा पाचव्या धड्यात येतात. प्रकटीकरणातील बहुतेक गोष्टी पहिल्या शतकातच, इ.स. ७० मधील यरुशलेमेच्या नाशात किंवा रोमी साम्राज्याच्या छळात, पूर्ण झाल्या असे एक मत. ते पुस्तक म्हणजे मंडळीच्या साऱ्या इतिहासाचा क्रमवार आलेख आहे असे दुसरे. चौथ्या अध्यायापासूनचे जवळजवळ सर्व अजून घडायचे आहे असे तिसरे. आणि प्रत्येक युगात चालणाऱ्या देव व दुष्टशक्ती यांच्या झगड्याचे ते चित्र आहे असे चौथे. प्रत्येक मताची मांडणी त्या मताच्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत केली आहे, आणि अशी न्यायबुद्धी या विषयात फार थोड्या ठिकाणी दिसते. इथे मी रेंगाळत नाही, कारण ही माहिती इतरत्रही मिळते.

प्रकटीकरणाच्या आरंभी ज्यांना पत्रे आहेत त्या सात मंडळ्यांवरचा सहावा धडा मात्र इतरत्र मिळेलच असे नाही. लावदिकीयाच्या मंडळीला प्रभू म्हणतो, तू शीत नाहीस व उष्णही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकणार आहे. यावर मी आजवर ऐकलेल्या उपदेशांत उष्ण म्हणजे आवेशी विश्वासू आणि शीत म्हणजे अविश्वासू, असाच अर्थ सांगितला गेला, आणि मग प्रभूला अविश्वासूही चालतो की काय, अशी अडचण मनात राहून जाई. धड्यात नकाशा ठेवून दाखवले आहे की, लावदिकीयाच्या एका बाजूला हेरापलीचे उष्ण झरे होते, ज्यांच्या गरम पाण्यासाठी लोक लांबून येत, आणि दुसऱ्या बाजूला कलस्सै होते, जिथले पाणी थंडगार असे. लावदिकीयाला मात्र पाणी नळांतून आणावे लागे; उत्खननात सापडलेल्या त्या नळांच्या आत चुन्याचे जाड थर साचलेले आहेत. गरम पाणी अंग शेकते, थंड पाणी तहान भागवते. कोमट, क्षारयुक्त पाणी तोंडात घेतले की थुंकावेसे वाटते. तू कोणाच्याच उपयोगी पडत नाहीस, असा तो बोल होता, आणि तो त्या गावच्या माणसाला स्पष्टीकरणावाचून समजला असणार. पहिल्या ऐकणाऱ्याला काय ऐकू आले असेल, हा प्रश्न आधी विचारायचा आणि मगच आपल्याकडे वळायचे, हा नियम शंभर वेळा सांगूनही जेवढा पटला नसता, तेवढा त्या एका नळाच्या छायाचित्राने पटला.

प्रकटीकरणातील श्वापदाच्या अंकाचा, म्हणजे ६६६ चा, धडा संयमी आहे. इब्री लिपीत नीरो कैसर हे रोमी सम्राटाचे नाव 'नीरोन कैसर' असे लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली तर ६६६ येते, आणि 'नीरोन' मधले शेवटचे 'न' हे अक्षर गाळले तर ६१६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हाच अंक आढळतो, त्यामुळे नीरोविषयीचा तर्क वजनदार ठरतो, एवढे सांगून शिक्षक थांबतात. मला अधिक भावला तो त्यांनी दिलेला इरेनियसचा दाखला. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिणाऱ्या या धर्मगुरूने त्या अंकात बसणारी तीन नावे स्वतः काढून पाहिली होती, तरीही त्याने बजावले की, नाव निश्चित करण्याचे धाडस करू नये, कारण ते आताच उघड होणे आवश्यक असते तर ज्याने दर्शन पाहिले त्यानेच ते सांगितले असते. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या इतक्या जवळच्या काळातला माणूस हात आखडता घेतो, आणि आपण मात्र दर दहा वर्षांनी नवा राज्यकर्ता, नवे यंत्र, नवे ओळखपत्र त्या अंकात बसवून मंडळीला भिववतो, हे पाहून मन खिन्न होते.

आता उणिवांकडे येतो. पहिली उणीव दानीएलाच्या नवव्या अध्यायावरच्या धड्यात आहे. तिथे सांगितलेली सत्तर सप्तके, म्हणजे सात-सातांचे सत्तर गट, ४९० वर्षे धरली, तरी ती मोजायला कुठून सुरुवात करायची हा जुना वाद आहे: पारसाचा राजा कोरेश याच्या इ.स.पू. ५३८ च्या हुकमापासून, पुढचा पारसी राजा अर्तहशश्त याने एज्राला दिलेल्या अधिकारपत्रापासून, की त्याच राजाने पुढे नहेम्याला दिलेल्या परवानगीपासून? शेवटचे सप्तक आधीच्या एकोणसत्तरांना लागूनच येते, की मध्ये मोठा खंड आहे? इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीक वंशाचा राजा अंत्युख एपिफानेस याने यरुशलेमेचे मंदिर विटाळले, त्याच्याशी या वचनाचा संबंध किती? अन्य धड्यांत मोकळेपणाने सर्व बाजू मांडणारे शिक्षक इथे एकच गणित फळ्यावर लिहितात आणि ते निर्विवाद असल्यासारखे पुढे जातात. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांनीही प्रभूच्या येण्याविषयी असेच एक गणित मांडले होते. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे वर्षे धरून आणि ती इ.स.पू. ४५७ पासून मोजून ते १८४३ च्या सुमारास पोहोचले. पुढे त्यांच्या अनुयायांत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित झाली, हजारो लोक त्या दिवशी वाट पाहत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रडले. ते लोक ढोंगी नव्हते. शास्त्र मनापासून वाचणारे होते. म्हणूनच गणित शिकवताना त्यातली प्रत्येक गृहीत पायरी विद्यार्थ्याला दाखवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. थेट चर्चेत मी हे विचारले, तेव्हा उत्तर नम्रतेने मिळाले, पण मूळ धडा तसाच आहे.

ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयीचा धडा याउलट आदर्श म्हणावा असा आहे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात दुसऱ्या ते सातव्या वचनापर्यंत हजार वर्षे हे शब्द सहा वेळा येतात, आणि त्या सहा उल्लेखांवरून मंडळ्या फुटल्या आहेत. धड्यात दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याचे उदाहरण दिले आहे: त्याचा स्वतःचा यरुशलेमेतील हजार वर्षांच्या राज्यावर ठाम विश्वास होता, तरी शुद्ध श्रद्धेचे अनेक ख्रिस्ती लोक याविषयी वेगळे मत बाळगतात, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. ऑगस्टीनने तर आधी धरलेले मत पुढे सोडले आणि तसे कबूलही केले. दुसऱ्या मताच्या माणसाला भाऊ मानूनही आपले मत ठाम ठेवता येते, याचा हा दाखला मंडळ्यांमध्ये वाचून दाखवावा असा आहे.

थेस्सलनीकाकरांच्या पत्रांवरचे दोन धडे एकत्रच सांगतो. विश्वासणारे ढगांत उचलले जाऊन प्रभूला अंतराळात सामोरे होतील, या वचनावर, शेवटच्या काळातील महासंकटापूर्वी विश्वासणारे गुप्तपणे उचलले जातील अशी जी शिकवण उभी आहे, ती १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलाने घरोघरी नेली, हा इतिहास धड्यात कोणाचीही हेटाळणी न करता सांगितला आहे. सामोरे जाणे या अर्थाचा जो ग्रीक शब्द पौलाने वापरला, तोच दहा कुमारींच्या दृष्टान्तात आहे, आणि रोमचे बंधू पौलाला भेटायला वाटेत आले त्या प्रसंगीही आहे. दोन्ही ठिकाणी सामोरे जाणारे लोक येणाऱ्याला घेऊन परततात. हा मुद्दा निर्णायक आहे असे मी म्हणणार नाही, पण तो विचारात घ्यायलाच हवा. मुख्य म्हणजे पौलाने हे सारे कशासाठी लिहिले, यावर पाळक असलेल्या शिक्षकांनी भर दिला आहे. त्या मंडळीतली काही माणसे मरण पावली होती, मागे राहिलेल्यांना त्यांची काळजी लागली होती, आणि पौल शेवटी म्हणतो की, या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. ज्या शिकवणीने सांत्वनाऐवजी घरात धास्ती भरते, ती निदान पौलाच्या हेतूशी तरी जुळत नाही.

दुसरी उणीव मला अधिक बोचते. तारखा ठरवणाऱ्यांना उत्तर देता देता शिक्षक कधी कधी इतके सावध होतात की, प्रभू खरोखर येणार आहे हे वाक्य उच्चारायलाही ते बिचकतात की काय, असे वाटू लागते. हे चित्र आहे, ती भाषा आहे, हे प्रतीक आहे, असे सतत ऐकल्यावर नवखा विद्यार्थी सारेच वाऱ्यावर सोडील. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, त्याच्या येण्याचे वचन कोठे आहे, असे विचारणाऱ्या थट्टेखोरांना जे उत्तर आहे, त्याला या अभ्यासक्रमात जेमतेम पाच मिनिटे मिळतात. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो पुन्हा येईल, हे मंडळी शतकानुशतके आपल्या विश्वासांगीकारात म्हणत आली आहे, आणि त्या वाक्यावर वर सांगितलेल्या चारही परंपरांचे बहुतेक विश्वासणारे एकत्र उभे राहू शकतात. तो दिवस व ती घटका कोणाला ठाऊक नाही, असे प्रभू म्हणाला. पण त्याच दमात त्याने जागे राहा असेही म्हटले. पहिल्या वाक्याला चार धडे आणि दुसऱ्याला अर्धा, ही वाटणी बरोबर नाही. नवे आकाश व नवी पृथ्वी यांवरचा भागही शेवटच्या धड्यात वीस मिनिटांत उरकला आहे. देव डोळ्यांतील प्रत्येक अश्रू पुसून टाकील, या वचनापाशी कोणालाही घाई होऊ नये.

व्यवस्थेविषयी थोडक्यात: ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, धडे हवे तेव्हा पुन्हा ऐकता येतात, प्रश्नपत्रिका पाठांतराच्या नाहीत. थेट चर्चेत माणसे फार झाली की आपली पाळी येत नाही, म्हणून प्रश्न आधी लिहून पाठवावा. अगदी नव्या विश्वासणाऱ्याने आधी एखादे शुभवर्तमान सबंध वाचून मग यात शिरावे. ज्यांना यापूर्वी कोणत्याही तक्त्याने दुखावले आहे, त्यांनी तिसऱ्या धड्यापासून आरंभ केला तरी चालेल.

शेवटच्या प्रश्नपत्रिकेत एकच काम दिले आहे: प्रकटीकरणाचे बावीस अध्याय कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, कारण पुस्तकाच्या तिसऱ्याच वचनात वाचून दाखवणारा व ऐकणारे यांना धन्य म्हटले आहे. सलग वाचल्यास याला साधारण दीड तास लागतो. मी भावाला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग ये म्हणाला. खुर्ची खिडकीकडे वळवून तो माझ्याकडे पाठ करून बसला आणि मी वाचू लागलो. लावदिकीयापाशी मी त्याला पाण्याच्या नळांचे सांगितले, तेव्हा त्याने मान वळवून, पुन्हा सांग, म्हटले. सहाव्या अध्यायात वेदीखालचे आत्मे, हे प्रभू, कोठवर, असे ओरडतात तिथे आलो, तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवले आणि ते वचन आणखी एकदा वाचायला लावले. त्या दिवशी आम्ही त्यापुढे गेलो नाही. उरलेले अध्याय पुढच्या दोन रविवारी वाचले, आणि शेवटचे दोन त्याने स्वतः वाचले.